स्थानकापासूनचे अंतर : मुंबईच्या उपनगरांतील घरखरेदी आणि प्रवासवेळेचा हिशेब

प्रस्तावना

मुंबई आणि तिच्या उपनगरांत राहणारा माणूस आपला पत्ता सांगताना गावाच्या नावापाठोपाठ 'पूर्व' किंवा 'पश्चिम' असा शब्द उच्चारतो. ही दिशा गावाच्या मध्यापासून किंवा नदीपासून मोजलेली नसते. लोहमार्गाच्या कोणत्या बाजूला घर आहे, एवढेच तिच्यातून कळते. घरविक्रीच्या जाहिरातींतही 'स्टेशनपासून पाच मिनिटांच्या अंतरावर' ही शब्दयोजना गेली कित्येक दशके रूढ आहे. अंतर मीटरमध्ये न सांगता मिनिटांत सांगण्याची ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे एक दीर्घ इतिहास उभा आहे, हे सहसा लक्षात येत नाही. घर कोठे घ्यावे आणि कामाच्या ठिकाणी पोहोचण्यास किती वेळ लागावा, या दोन प्रश्नांची सांगड मुंबईतील मध्यमवर्गीय व श्रमिक कुटुंबांनी कोणत्या परिस्थितीत आणि कशी घातली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

या प्रश्नाची सैद्धान्तिक मांडणी अर्थशास्त्रात जुनी आहे. जर्मन जमीनदार व अर्थचिंतक योहान हाइनरिख फॉन थ्युनेन यांनी १८२६ मध्ये बाजारपेठेपासूनचे अंतर आणि जमिनीचा खंड यांचा संबंध शेतीच्या संदर्भात मांडला. विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये तोच विचार आधुनिक शहराला लावला. शहराच्या केंद्रापासून दूर जावे तशी जागेची किंमत उतरते व प्रवासाचा खर्च चढतो आणि प्रत्येक कुटुंब या दोहोंचा मेळ घालून आपले घर निवडते, असे या मांडणीचे सार आहे. ती आकर्षक आहे, परंतु तिच्यात काही गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. शहराला एकच केंद्र आहे, नोकरी बदलली की घर बदलता येते आणि कुटुंबात एकाच व्यक्तीचा प्रवास मोजायचा आहे, ही ती गृहीतके होत. मुंबईच्या इतिहासात यांपैकी एकही गृहीतक फार काळ टिकलेले दिसत नाही.

गिरणगाव : दूर राहणे न परवडणारा कामगार

१६ एप्रिल १८५३ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत सुमारे ३४ किलोमीटर धावली. पुढच्याच वर्षी हा मार्ग कल्याणपर्यंत गेला. पश्चिमेकडे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत गाडी सुरू केली. म्हणजे ज्या स्थानकांभोवती पुढे लक्षावधी कुटुंबांनी घरे घेतली, ती स्थानके एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लवकरच शहराशी जोडली गेली होती. तरीही पुढील अर्धशतक शहराचा कामगार रेल्वेच्या आधाराने दूर राहावयास गेला नाही. परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा या परिसरात, गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, तो चाळीतील एका खोलीत दाटीने राहिला.

तिकीट महाग होते, एवढे एक कारण यासाठी पुरेसे नाही. गिरणीतील रोजगाराचे स्वरूप अधिक निर्णायक होते. कामगारांचा मोठा भाग बदली म्हणून काम करी. पहाटे गिरणीच्या दाराशी उभे राहावे, मुकादमाने निवडले तर पाळी मिळावी, न निवडले तर दिवस वाया जावा, असा हा क्रम होता. ज्याला आज काम मिळेल की नाही हेच ठाऊक नाही, त्याने पाच-सहा कोसांवरून तिकीट काढून यावे, ही अपेक्षा अव्यवहार्य होती. शिवाय मुकादम, उधारीवर धान्य देणारा दुकानदार, गावकऱ्यांची खोली आणि खानावळ हे सारे एकाच वस्तीत होते. कामगारवस्त्या आणि गिरणीतील रोजगार यांच्या या गुंतागुंतीचे राजनारायण चंदावरकर यांनी केलेले विवेचन या संदर्भात मूलगामी आहे. घर व काम यांच्यातील अंतर वाढवणे ही चैन होती आणि ती कायम नोकरी असलेल्यालाच परवडत होती.

याची प्रचिती सरकारलाही आली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे काँक्रीटच्या चाळी बांधल्या. आज बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या इमारतींतील, विशेषतः वरळीच्या, अनेक खोल्या आरंभीची काही वर्षे रिकाम्या राहिल्या. घरटंचाई तर होतीच. परंतु त्या काळची वरळी अनेक गिरण्यांपासून गैरसोयीची होती, बाजार नव्हता, दिवाबत्ती अपुरी होती आणि भाडेही कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते. आजच्या वाचकास वरळी ते परळ हे अंतर हास्यास्पद वाटेल. पायी जाणाऱ्या आणि पहाटे दाराशी हजर राहावे लागणाऱ्या माणसाला ते तसे वाटत नव्हते. अंतराचे मोजमाप नोकरीच्या स्वरूपावर अवलंबून असते, हा मुद्दा पुढील विवेचनातही वारंवार येणार आहे.

दादर, माटुंगा, पार्ले

कचेरीत काम करणाऱ्या कारकुनाची गोष्ट वेगळी होती. त्याची नोकरी कायम, पगार मासिक आणि वेळ ठरलेली. दूर राहण्याचा विचार प्रथम त्यालाच करता आला. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीची भीती घातली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंगा भागातील मोकळी जमीन आखून घेण्यात आली. तथापि या आखणीला वस्तीचे रूप येण्यास दोन-तीन दशके लागली. १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली, पुढे ती किंग्ज सर्कलपर्यंत गेली आणि १९२६ पासून बसही धावू लागली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंग्याची दाक्षिणात्य वस्ती या भागांत स्वतंत्र स्वयंपाकघर व संडास असलेला 'ब्लॉक' ही नवी राहणी रुजली. निखिल राव यांनी मुंबईच्या या उपनगरीकरणाचा जो अभ्यास २०१३ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, त्यात चाळीपासून ब्लॉकपर्यंतच्या या संक्रमणाचे तपशील सापडतात.

सहकारी गृहनिर्माणाची चळवळही याच काळातील. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिचा आदर्श पुढे सांताक्रूझ, पार्ले येथील अनेक ज्ञातिसंस्थांनी घेतला. साष्टीतील ही गावे तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होती. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा करण्यात आला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत रेल्वेचे विद्युतीकरण झाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची गाडी हार्बर मार्गाने धावली. जानेवारी १९२८ मध्ये पश्चिमेचा उपनगरी मार्गही विजेवर आला आणि १९३६ मध्ये तो विरारपर्यंत पोहोचला.

विजेच्या गाडीचे वैशिष्ट्य तिच्या कमाल वेगापेक्षा तिच्या चटकन वेग घेण्यात होते. वाफेच्या इंजिनाला दर मैल-दोन मैलांवर थांबणे व पुन्हा वेग घेणे जड जाई. विजेच्या गाडीला ते सहज साधले. स्थानके जवळ जवळ असूनही प्रवासाचा वेळ घटला आणि जमिनीचा नकाशा न बदलता पार्ले फोर्टच्या जवळ आले. १९२१ मध्ये स्थापन झालेले पार्ले टिळक विद्यालय हे या स्थलांतराचे एक बोलके गमक मानता येईल. शाळा निघाली याचा अर्थ कुटुंबे केवळ रात्री मुक्कामाला येत नव्हती, त्यांनी तेथे मूळ धरले होते. या पहिल्या पिढीच्या उपनगरवासीयांच्या हिशेबात प्रवासाचा वेळ अर्धा-पाऊण तास, गाडीत बसावयास जागा आणि घराभोवती झाडे असा ऐवज होता. त्यामुळे तो हिशेब त्यांना फायद्याचा ठरला. पुढील पिढीने तोच हिशेब कोणत्याही बदलाविना डोंबिवली-विरारला लावला, आणि येथेच खरी गफलत झाली.

भाड्याकडून मालकीकडे

घर भाड्याने घ्यावयाचे असते, विकत घ्यावयाचे नसते, ही मुंबईकराची समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पक्की होती. ती मोडली कायद्याने. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. युद्धकाळातील व फाळणीनंतरच्या टंचाईत राहत्या भाडेकरूला त्याने संरक्षण दिले, हे नाकारता येत नाही. परंतु नव्याने भाड्याने देण्यासाठी घर बांधणे त्यामुळे आतबट्ट्याचे झाले. जुन्या खोलीचा ताबा मिळवण्यासाठी पागडी मोजावी लागू लागली. नव्या जोडप्यापुढे दोनच मार्ग उरले. एक, वडिलांच्या खोलीत पोटमाळा घालून राहणे. दुसरा, दूर कोठेतरी विकत घर घेणे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये आणि मालकी हक्काच्या सदनिकांचे नियमन करणारा अधिनियम १९६३ मध्ये आला. मधल्या काळात, १९५० व १९५७ मध्ये, महानगरपालिकेची हद्द दोन टप्प्यांत दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पेन्शन किंवा भविष्यनिर्वाह निधीची शाश्वती असलेला आणि कर्मचाऱ्यांसाठीच्या सवलतीच्या गृहकर्जाचा लाभ घेऊ शकणारा मोठा पगारदार वर्ग यातून तयार झाला. सर्वसामान्यांना दीर्घ मुदतीचे गृहकर्ज देणारी एचडीएफसी ही संस्था हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये काढली. तोपर्यंत बहुतेकांची मदार निधीतील उचल, पतपेढी आणि घरातील दागिने यांवर होती.

मालकीच्या या वळणाचा प्रवासवेळेशी असलेला संबंध फारसा अभ्यासला गेलेला दिसत नाही. भाडेकरू नोकरीमागे जाऊ शकतो. मालक जाऊ शकत नाही, निदान सहजासहजी जाऊ शकत नाही. मुद्रांक शुल्क, दलाली, मुलांची शाळा आणि अर्धे फिटलेले कर्ज त्याला खिळवून ठेवतात. त्यामुळे घर घेतानाच्या वेळी केलेला प्रवासाचा अंदाज हा पुढील तीस वर्षांचा अंदाज ठरतो. तो मात्र त्या एका दिवसाच्या नोकरीवरून बांधलेला असतो.

डोंबिवली, दिवा, विरार : वेळापत्रकातील आणि वेळापत्रकाबाहेरील मिनिटे

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे ३४, डोंबिवली ४८, कल्याण ५४ आणि बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे. चर्चगेटपासून बोरिवली ३४ व विरार ६० किलोमीटरवर. जलद लोकलने डोंबिवलीहून साधारण सव्वा तास आणि विरारहून त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. घर पाहावयास आलेल्या कुटुंबाला सांगितला जाणारा आकडा हाच. बहुधा रविवारी, रिकाम्या गाडीने येऊन पडताळलेला.

प्रत्यक्ष दिवसाचा हिशेब निराळा असतो. घरापासून स्थानकापर्यंत पायी किंवा रिक्षाच्या रांगेतून दहा-पंधरा मिनिटे, पादचारी पूल ओलांडून फलाटावर येणे, पहिली गाडी भरलेली म्हणून दुसरीची वाट पाहणे, सव्वा तासाचा प्रवास आणि उतरल्यावर कचेरीपर्यंतची चाल धरली, तर एका बाजूचे दोन तास सहज होतात. दिवसाचे चार तास आणि वर्षाचे २८० कामाचे दिवस धरल्यास ही बेरीज वर्षाला १,१२० तास होते. तीस वर्षांच्या नोकरीत ती ३३,६०० तासांवर जाते, म्हणजे रात्रंदिवस मोजून पावणेचार वर्षांहून अधिक. हे गणित साधे आहे आणि डोंबिवलीच्या कोणत्याही बँक कर्मचाऱ्याला ते मांडता आले असते. बहुतेकांनी ते मांडलेही असावे. तरी घरे घेतली गेली, कारण पर्याय त्या किमतीत उपलब्ध नव्हता. 'निवड' हा शब्द येथे जपूनच वापरावयास हवा.

या निवडीला रेल्वेच्या पासाने मोठा हातभार लावला. दुसऱ्या वर्गाचा मासिक वा त्रैमासिक पास प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने फारच स्वस्त ठेवण्यात आला आणि अंतर वाढते त्या प्रमाणात त्याची किंमत वाढत नाही. ठाण्याऐवजी डोंबिवलीस घर घेतल्याने घराच्या किमतीत पडणारा फरक मोठा असे, तर पासातील फरक किरकोळ. पैशांच्या हिशेबात दूरचे घर म्हणूनच नेहमी जिंकत असे. उरत होता तो वेळ, आणि वेळेची नोंद बँकेच्या पासबुकात होत नाही. स्वस्त पास हे कल्याणकारी धोरण होते यात शंका नाही. मात्र शहरात परवडणारी घरे बांधण्याची जबाबदारी त्याच धोरणाने शासनाच्या खांद्यावरून उतरवून प्रवाशाच्या खांद्यावर दिली, असेही म्हणावे लागते.

केवळ अंतरावरूनही घराची किंमत ठरली नाही. दिवा हे स्थानक डोंबिवलीच्या अलीकडे, म्हणजे मुंबईला अधिक जवळ आहे. तरी तेथील घरे दीर्घकाळ स्वस्त राहिली. पाणी व रस्त्यांची दुरवस्था, अनधिकृत बांधकामे ही त्याची कारणे होतीच, पण जलद गाड्या तेथे थांबत नसत आणि ज्या थांबत त्या मागूनच भरून येत, हेही कारण तितकेच मोठे होते. २ जानेवारी २०१५ रोजी गाड्यांच्या खोळंब्याने संतापलेले प्रवासी दिव्याच्या रुळांवर उतरले आणि त्या आंदोलनाला हिंसक वळण लागले. त्या प्रक्षोभाचे मूळ, नकाशावर जवळ असूनही गाडीत शिरता न येण्याच्या या रोजच्या अनुभवात शोधावे लागते. याउलट ज्या स्थानकातून गाडी सुटते, त्या स्थानकाला वेगळा भाव आला. सुटणाऱ्या गाडीत बसावयास जागा मिळते. बसून काढलेला दीड तास आणि लटकून काढलेला एक तास यांत प्रवासी पहिलाच पसंत करतो. मधल्या स्थानकांवरील कित्येकजण सकाळी आधी उलट दिशेने मूळ स्थानकापर्यंत जातात आणि तीच गाडी पकडून बसून परततात. विरार गाडीत बोरिवली किंवा मीरा रोडच्या प्रवाशाला शिरकाव नसतो, ही तर पश्चिम मार्गावरची अलिखित घटनाच आहे.

गर्दीचे प्रमाण सांगण्यासाठी रेल्वेला 'सुपर डेन्स क्रश लोड' ही संज्ञा घडवावी लागली. दर चौरस मीटरला चौदा ते सोळा उभे प्रवासी, असा तिचा अर्थ आहे. सुमारे १,७०० प्रवाशांसाठी असलेल्या नऊ डब्यांच्या गाडीतून गर्दीच्या वेळी साडेचार हजारांवर माणसे जात. बारा व पंधरा डब्यांच्या गाड्या आल्या, मार्गिका वाढल्या, तरी उपनगरी मार्गांवर दरवर्षी मृत्युमुखी पडणाऱ्यांची संख्या अलीकडच्या काळातही दोन हजारांवर राहिली आहे. त्यांत रूळ ओलांडताना दगावलेले अधिक, परंतु गाडीतून पडलेलेही शेकड्यांत आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या दोन गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. घराच्या किमतीत ही जोखीम कोणत्या रकान्यात धरावी, याचे उत्तर अलोन्सो यांच्या समीकरणात नाही.

प्रवासातील वेळ हा सर्वस्वी वाया जातो, असे मानणे मात्र चूक ठरेल. 'चौथी सीट'च्या वाटाघाटी, भजनी मंडळे, पत्त्यांचे डाव, एकाच डब्यातून वर्षानुवर्षे जाणाऱ्यांचे गट, दसऱ्याला डब्याला बांधलेली तोरणे यांतून एक समाजजीवन उभे राहिले. ते कौतुकाने सांगितले जाते आणि सांगावेही. फक्त ते सांगताना त्या समाजजीवनाचा वेळ घरातील माणसांच्या वाट्यातून आलेला असतो, हे झाकले जाऊ नये.

मोजला न गेलेला वेळ

घर घेतानाचा प्रवासाचा हिशेब दीर्घकाळ कुटुंबप्रमुख पुरुषाच्या नोकरीवरून केला गेला. सत्तरच्या दशकापासून बँका, विमा, दूरध्वनी, मंत्रालय यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या आणि दूरच्या घराचे हप्ते फेडणे त्यांच्या पगारामुळेच शक्य झाले. मात्र त्यांच्या दिवसाची आखणी वेगळी होती. पुरुषाचा दिवस गाडीच्या वेळेपासून सुरू होई, तर स्त्रीचा त्याआधी दोन तास, डबे भरण्यापासून. परतीच्या गाडीत भाजी निवडणाऱ्या स्त्रियांचे दृश्य वृत्तपत्रांनी छायाचित्रांतून गमतीचा विषय केले. वस्तुतः ते वेळेच्या तुटीचे उघड जमाखर्च-पत्रक होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीनुसार देशात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर ते करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो. हा आकडा मुंबईचा नाही, तरी या पाच तासांत प्रवासाचे चार तास मिळवल्यावर नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या झोपेचे काय उरते, हे सांगण्यास तो पुरेसा आहे.

५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर संपूर्णपणे स्त्रियांसाठी असलेली पहिली लोकल सुरू झाली. तिचे स्वागत झाले ते योग्यच होते. पण घर कोठे घ्यावे या चर्चेत पाळणाघर स्थानकाच्या कोणत्या बाजूला आहे, सासूबाई किंवा आई शेजारच्या इमारतीत राहतात काय, साडेसहाची गाडी चुकली तर मुलाला कोण आणील, हे प्रश्न स्त्रियांनीच उपस्थित केले आणि बहुधा त्यांनीच सोडवले. डोंबिवली, ठाणे, बोरिवली येथे एकाच कुटुंबातील दोन घरे हाकेच्या अंतरावर घेण्याची जी रीत आढळते, तिचा उलगडा जमिनीच्या दरापेक्षा या प्रश्नांतून अधिक होतो. अलोन्सो यांच्या मांडणीतील 'केंद्र' पुरुषासाठी फोर्ट असेल. स्त्रीसाठी केंद्रे दोन होती, आणि त्यांतील एक पाळणाघर.

केंद्र हलले, घर राहिले

ज्यांनी फोर्टातील नोकरी डोळ्यांपुढे ठेवून मध्य मार्गावर घरे घेतली, त्यांच्या पुढच्या पिढीची नोकरी फोर्टात राहिली नाही. अंधेरीचे सीप्झ १९७३ चे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या प्रदेश विकास प्राधिकरणाने वांद्रे-कुर्ला संकुल उभे केले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून, १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवली. तेथे काम आणि घर शेजारी असावे, हा हेतू होता. प्रत्यक्षात वाशीपर्यंत लोकल पोहोचण्यास १९९२ साल उजाडले, आणि ती आल्यावर नवी मुंबईकर मुंबईला कामावर जाऊ लागला. ठाणे-वाशी मार्ग २००४ मध्ये आला.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. अनेक गिरणी कामगारांच्या कुटुंबांनी चाळीतील खोल्या विकून नालासोपारा, विरार, डोंबिवली, बदलापूर गाठले, आणि गिरण्यांच्या जमिनींवर कचेऱ्या व मनोरे उभे राहिले. ज्या परळला पूर्वी कामगार पायी जात होता, त्याच परळला त्याची मुले विरारहून गाडीने येऊ लागली. रोजगार तेथेच राहिला, फक्त त्याचे स्वरूप बदलले. स्थानके मात्र जुन्या परळच्या मापाचीच होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत वीसहून अधिक प्रवासी मरण पावले. दोन जनगणनांचे आकडे या स्थलांतराची दिशा दाखवतात. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ३३.४ लाख होती, ती २०११ मध्ये ३०.९ लाखांवर आली. त्याच दशकात बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेली.

रेल्वेवरची ही संपूर्ण भिस्त किती नाजूक आहे, हे अधूनमधून उघडे पडले. मे १९७४ चा रेल्वे संप, २६ जुलै २००५ चा सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर नोंदला गेलेला पाऊस, आणि मार्च २०२० पासूनची टाळेबंदी हे असे प्रसंग होत. जून २०२० मध्ये लोकल अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती सुरू झाली. सर्वांसाठी ती ठरावीक वेळांत खुली होण्यास १ फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात ज्यांना रस्त्याने कामावर जावे लागले, त्यांना आपले घर कामापासून किलोमीटरमध्ये किती दूर आहे, हे प्रथमच कळले. तोपर्यंत ते अंतर मिनिटांतच ठाऊक होते.

मेट्रोची मिनिटे

८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने पूर्व-पश्चिम प्रवासाचा जुना अडथळा काही अंशी दूर केला. डोंबिवलीहून अंधेरीस जाणाऱ्याला दादरचा वळसा चुकला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, त्यापूर्वी जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. जाहिरातींतही 'स्टेशनपासून पाच मिनिटे' याच्या जोडीला 'मेट्रोपासून पाच मिनिटे' आले, आणि पुष्कळदा मेट्रो येण्याच्या कित्येक वर्षे आधी आले. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. त्या वर्षापासून कल्याण परिसरातील गृहप्रकल्पांच्या माहितीपत्रकांत नियोजित स्थानके छापली जाऊ लागली आणि वाचणाऱ्या वेळेचे मोल घराच्या दरात धरले गेले. २०२५ अखेर ही मेट्रो कल्याणला पोहोचलेली नव्हती. दरम्यान मुंबईसह मेट्रो प्रकल्प असलेल्या शहरांत घराच्या खरेदीवरील मुद्रांक शुल्कात एप्रिल २०२२ पासून १ टक्का मेट्रो अधिभार लागू झाला. तो घराच्या किमतीवर आकारला जातो. घरापासून मेट्रोचे स्थानक किती मिनिटांवर आहे, किंवा ते बांधून झाले आहे की नाही, याची विचारणा त्या आकारणीत होत नाही.